पोस्टाने पाठवायचा नमुना : काय चालते, काय चालत नाही

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी नव्या वाणाबद्दल किंवा खताच्या मात्रेबद्दल बोलणार नाही. आपण प्रयोगशाळेकडे, संशोधन केंद्राकडे किंवा परगावच्या पाहुण्यांकडे पोस्टाने जी वस्तू पाठवितो ती पोस्टाला चालणारी आहे किंवा नाही, आणि पोस्टाने घेतली तरी ती पलीकडच्या माणसाच्या हाती कामाच्या अवस्थेत पोचते किंवा नाही, एवढाच आजचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. पण त्यापायी एखाद्याचा हंगाम जाऊ शकतो, म्हणून एका जुन्या अनुभवापासूनच सुरुवात करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका वनस्पती रोग प्रयोगशाळेत काम करीत होतो. ऑगस्टचा महिना, झड लागलेली. सकाळच्या टपालात एक पुडके आले. वरचा कागद भिजून लिबलिबीत झालेला. आत प्लॅस्टिकची पिशवी, तिचे तोंड सुतळीने करकचून बांधलेले, आणि पिशवीत हळदीचे तीन गड्डे. गड्डे म्हणायचे, कारण हात लावताच त्यांचा चिखल झाला. घाण वास आणि काळे पाणी. ते पाणी पिशवीतून झिरपून बरोबरच्या दोन पत्रांना लागले होते आणि त्या पत्रांवरची शाई पसरली होती. पिशवीत वहीच्या कागदाची एक चिठ्ठी होती. तिच्यावर नाव, गाव सगळे पुसून गेले होते. एवढेच वाचता आले : "एक एकर हळद. मागच्या वर्षी पण असंच झालं."

त्या गड्ड्यांतून आम्हाला काही निष्पन्न झाले नाही. कुजून पाणी झालेल्या कंदात मूळ रोगाची बुरशी राहत नाही. नंतर आलेले जिवाणू आणि माश्यांच्या अळ्याच सापडतात. आणि काही सापडले असते तरी उत्तर कोणाला पाठवायचे? पोस्टाचा शिक्कासुद्धा अर्धा उमटला होता, सांगली जिल्हा एवढेच समजले. ते शेतकरी बंधू उत्तराची वाट पाहत राहिले असतील. विद्यापीठाला पत्र टाकून काही उपयोग होत नाही, असे चार माणसांत बोललेही असतील, आणि त्यांच्या बाजूने ते खरेच होते. त्या एकराचे पुढे काय झाले ते मला कधीच कळले नाही.

आता यात पोस्टाची चूक म्हणावी तर तसेही नाही. पोस्टाच्या खिडकीवर ते पुडके कोरडे आणि बंद होते. कारकुनाने वजन केले, तिकिटे लावली, शिक्का मारला. पोस्टाने नमुना स्वीकारला, प्रयोगशाळेला मात्र तो स्वीकारण्यासारखा राहिला नाही. या दोन परीक्षा वेगळ्या आहेत आणि आपला नमुना दोन्हींत उतरला पाहिजे.

पोस्टाची परीक्षा

पोस्टाने काय पाठवू नये याची जुनी चौकट १८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमात होती. स्फोटक, धोकादायक, घाण, अपायकारक पदार्थ, नीट न झाकलेले धारदार हत्यार, आणि त्रासदायक किंवा इजा करणारा जिवंत प्राणी, हे त्या कायद्याने वर्ज्य केले होते. तो कायदा सव्वाशे वर्षे चालला. त्याच्या जागी २०२३ चा डाकघर अधिनियम आला आणि तो जून २०२४ पासून अमलात आहे. कायदा बदलला तरी मागचा विचार तोच आहे. तो विचार समजला तर यादी पाठ करण्याची गरज नाही.

तुमची वस्तू एकटी जात नाही, हे पहिले ध्यानात घ्यावे. गावच्या डाकघरातून ती थैलीत पडते, तालुक्याला जाते, मिरजेच्या आर.एम.एस.सारख्या ठिकाणी थैली उलगडते, छाननी होते, पुन्हा दुसऱ्या थैलीत पडते. वर दुसऱ्यांची पार्सले असतात, खाली कोणाची लग्नपत्रिका, कोणाचे नोकरीचे पत्र असते. तिच्यावर शिक्क्याचा ठोका बसतो. ती फेकली जाते, दाबली जाते, उन्हात मोटारीत पडून राहते. या सगळ्या प्रवासात तुमच्या वस्तूने हाताळणाऱ्या माणसाला इजा करू नये आणि शेजारच्या टपालाची नासाडी करू नये, एवढेच पोस्टाचे मागणे आहे. हळदीच्या त्या पुडक्याने दोन परक्या पत्रांचे नुकसान केले. म्हणजे खिडकीवर पास झालेले पुडके वाटेत नापास झाले होते.

या दृष्टीने आपल्या घरच्या वस्तू पाहू. सांगलीचा बेदाणा घ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आता परगावचे लोक नाव घेऊन मागतात. चांगला सुकवलेला बेदाणा पोस्टासाठी सर्वांत सोयीचा माल. आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर पुठ्ठ्याचा मजबूत खोका, खोक्यात माल हलणार नाही इतका कागद कोंबलेला. ओलसर राहिलेला बेदाणा मात्र पाठवू नये. दाबाने चिकटतो, रस सोडतो आणि मुंग्या लागतात.

गुळाचे तसे नाही. गूळ खिडकीवर घट्ट असतो, पावसाळ्यात वाटेत पाघळतो. पोस्टाच्या दृष्टीने जे सहज पातळ होते ते पातळच समजावयाचे, आणि पातळ पदार्थाला नेहमी दोन भांडी लागतात. आतली बाटली किंवा डबा घट्ट बंद करावयाचा. तो बाहेरच्या पत्र्याच्या, लाकडाच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावयाचा. दोहोंच्या मध्ये लाकडाचा भुसा, कोंडा असे काहीतरी भरावयाचे, की आतली बाटली फुटलीच तर सगळे पातळ त्यात शोषले जावे. हा नियम फार जुना आहे आणि जगभर आहे. महाबळेश्वरच्या बाजूच्या मध उत्पादकांनी तो विशेष लक्षात ठेवावा. मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून पुढे आले, तेव्हापासून त्या भागातल्या मधाला बाहेरून विचारणा वाढली आहे. काचेची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पाठविणे म्हणजे पॅकिंग नव्हे. भुसा भरताना बाटली खोक्याच्या कोणत्याही बाजूला टेकू नये.

रंगीत पूड हा आणखी एक प्रकार. कोरड्या रंगाच्या भुकटीसाठी पोस्टाच्या नियमांत पत्र्याचा डबा, त्याबाहेर खोका, मध्ये भुसा असा कडक बंदोबस्त सांगितलेला असे. हळदपूड ही खायची वस्तू, पण सांडली तर वागणूक रंगासारखीच. एका फुटलेल्या पुडीने अख्खी थैली पिवळी होते. शिवाय २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली आणि पाच माणसे दगावली, तेव्हापासून पाकिटातून गळणाऱ्या कोणत्याही पुडीकडे जगभर संशयाने पाहतात. म्हणून हळदपूड, मेतकूट, मसाला दुहेरी पिशवीत घालून डब्यात भरावा आणि वर पदार्थाचे नाव स्पष्ट लिहावे. अख्खे हळकुंड पाठविता आले तर उत्तमच.

स्ट्रॉबेरीचे कोणी विचारील म्हणून सांगतो. ती पोस्टाच्या कामाची नाही, तिचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे.

या बाबतीत साताऱ्याच्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको. घरचा मुलगा फौजेत, पत्ता ५६ ए.पी.ओ., आणि दिवाळीचे लाडू डोंगरापलीकडे पोचायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. म्हणून त्या बेसन खमंग भाजून, दुधाचा थेंब न लावता लाडू करीत, डब्यात बसवून डबा कापडात शिवून घेत आणि कापडावर पत्ता लिहीत. ओलावा गेला की पदार्थ टिकतो आणि डबा भरलेला असला की फुटत नाही. पुढे मी नमुन्यांबद्दल जे सांगणार आहे त्यातले निम्मे एवढ्यात आले.

जिवंत वस्तू

जिवंत प्राणी पोस्टाने पाठवू नये हा सर्वसाधारण नियम. पण त्याला शेतीशी संबंधित काही अपवाद आहेत आणि ते गमतीचे आहेत. आंतरराष्ट्रीय टपाल करारात मधमाश्या, जळवा आणि रेशीमकिडे यांना मुभा आहे. त्याचप्रमाणे पिकावरील किडींचा नाश करणारे परोपजीवी व परभक्षी कीटक अधिकृत संस्थांमध्ये एकमेकांस पाठविण्यास मुभा आहे. म्हणजे कीटक मित्र आहे की शत्रू, हे टपालानेही मान्य केलेले आहे. राणीमाशी चार-पाच कामकरी माश्यांसह, साखरेच्या खाद्यासह, जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातून टपालाने पाठविण्याची पद्धत परदेशात शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे असे काही पाठवावयाचे झाल्यास अगोदर मुख्य डाकघरात पोस्टमास्तरांना विचारून घ्यावे.

आपल्याला जास्त परिचित म्हणजे ट्रायकोकार्ड. उसावरील खोडकिडीसाठी आपण ती मागवितो. कार्डावरच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा वाढत असतो आणि साधारण आठवड्याभरात बाहेर पडतो. आता कार्ड तयार होऊन तुमच्या हाती पडेपर्यंत चार-पाच दिवस गेले तर उरले किती? म्हणून कार्डावर लिहिलेली प्रौढ बाहेर पडण्याची तारीख पाहूनच मागणी करावी आणि कार्ड आले त्याच दिवशी संध्याकाळी तुकडे करून पानाखाली लावावेत. दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत राहिलेले कार्ड शेतात लावून काही फायदा नाही.

शत्रू कीटकांची गोष्ट वेगळी. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला. पानाच्या खालच्या बाजूला कापसासारखे पांढरे काहीतरी दिसते, हे काय आहे, असे विचारण्यासाठी लोक पानेच्या पाने पिशवीत घालून एसटीने घेऊन येत. त्यांचा हेतू चांगला होता. पण माव्याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते. पिशवीतून एक पान वाटेत पडले, किंवा दाखवून झाल्यावर कोणी बांधावर टाकले, तर आपण कीड घरपोच केली असे होते. जिवंत कीड पोस्टाने, एसटीने किंवा खिशातून, कशानेही हलवू नये. ती मारून मगच पाठवावी.

आणि इथे आमची व पोस्टाची थोडी गाठ पडते. आम्ही पुस्तकात लिहितो की अळ्या, मावा, फुलकिडे असे मऊ कीटक स्पिरिटमध्ये ठेवून पाठवावेत. पोस्ट म्हणते, ज्वालाग्राही पदार्थ चालणार नाही. पोस्टाचे बरोबर आहे. म्हणून यावर माझा सल्ला असा की भुंगा, पतंग असे कठीण अंगाचे कीटक मारून, कोरडे करून, काड्यापेटीत कापसाच्या दोन थरांमध्ये ठेवून पोस्टाने पाठवावेत. ते पोचतात. मऊ कीटकांची स्पिरिटमधील बाटली मात्र पोस्टात टाकू नये. ती आपल्या कृषी सहाय्यकामार्फत किंवा स्वतः बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात, कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात, जवळ पडेल तेथे हातोहात द्यावी. आता मोबाईलवर जवळून काढलेले दोन-तीन फोटो अगोदर पाठविले तर बऱ्याच वेळा बाटलीची गरजही राहत नाही.

रोगट पानाचा नमुना

आता प्रयोगशाळेच्या परीक्षेकडे वळतो. यात सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. महाबळेश्वरला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजे आपला तांबेरा. इतक्या थंड हवेच्या डोंगरावर गव्हाच्या रोगाचे केंद्र कशाला, असे अनेक जण विचारतात. सपाटीवर उन्हाळ्याच्या उष्णतेने तांबेऱ्याचे बीजाणू मरतात, थंड डोंगरावर गव्हावर ते जगवता येतात. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच वर्षे काम करून दाखवून दिले की तांबेरा उन्हाळ्यात डोंगरी भागात तग धरतो आणि तेथून पुन्हा सपाटीवर उतरतो. त्यांच्याच कामातून शिमल्याचे फ्लॉवरडेल केंद्र उभे राहिले. तेथे देशभरातून तांबेऱ्याची पाने टपालाने येतात.

या पानांचे करतात काय? पानावरची तांबूस भुकटी, म्हणजे बीजाणू, निरनिराळ्या वाणांच्या रोपांवर सोडतात आणि कोणते वाण रोग घेतात, कोणते घेत नाहीत, यावरून तांबेऱ्याची कोणती जात आली आहे ते ठरवितात. तुमच्या भागात कोणते वाण यापुढे टिकेल, हे त्यावर अवलंबून असते. म्हणजे बीजाणू जिवंत पोचले पाहिजेत. मेलेली भुकटी आली तर पान नुसते शोभेचे.

आणि तरीही लोक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, का तर ताजे राहावे म्हणून! पान पिशवीत घाम सोडते, त्या पाण्याच्या थेंबात बीजाणू उगवतात, पण शिरायला जिवंत पान नसल्याने मरून जातात. वर दुसरी बुरशी चढते ती वेगळीच. तांबेऱ्याचे पान म्हणून कागदी पाकिटातच पाठवावयाचे असते. भुकटी ताजी असलेली आठ-दहा पाने कापावीत, काही तास सावलीत वर्तमानपत्रात ठेवून ओलावा काढावा, भुकटीच्या जागी घडी न घालता कागदी पाकिटात ठेवावीत. पाकिटावर गाव, तालुका, वाण, पेरणीची व नमुना घेतल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी. पेन्सिलच, कारण ती ओलाव्याने पुसत नाही. असे पाकीट साध्या पत्रासारखे जाते आणि पोस्टाला त्याचा काडीचाही त्रास नाही.

इतर पिकांच्या पानांचेही थोड्याफार फरकाने हेच. फक्त पूर्ण वाळलेले, जळलेले पान पाठवू नये. ते पाहून कसलाच बोध होत नाही. रोग नुकता सुरू झालेला, डागाच्या कडेला अजून हिरवा भाग असलेला असे पान निवडावे आणि तुलनेसाठी त्याच वाणाची दोन निरोगी पाने वेगळ्या पाकिटात द्यावीत.

हळदीच्या कंदकुजीसाठीही हीच गोष्ट. पाने शेंड्याकडून पिवळी पडू लागली आणि बुंध्याजवळचा भाग काळपट दिसू लागला, की त्या अवस्थेतला गड्डा घ्यावा. अर्धा चांगला, अर्धा बिघडलेला. पाण्याने धुऊ नये, माती हाताने झटकावी. प्रत्येक गड्डा वेगळ्या कोरड्या वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळावा आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोके पाडून त्यात ठेवावा. त्या ऑगस्टमधल्या शेतकरी बंधूंनी प्लॅस्टिकऐवजी वर्तमानपत्र वापरले असते आणि चिठ्ठी वेगळी ठेवली असती, तर निदान उत्तर तरी गेले असते.

माती, देठ आणि पाणी

मातीबद्दल आपण पुष्कळ ऐकलेले आहे, म्हणून थोडक्यात. शेतात नागमोडी फिरून दहा-बारा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घेऊन २० ते २२ सें.मी. खोलीपर्यंतची माती घ्यावी. ती एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकीत शेवटी अर्धा किलो ठेवावी. बांधाजवळची, खताच्या ढिगाखालची, झाडाखालची माती नको. पोस्टाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे : माती सावलीत पूर्ण वाळवावी. ओली माती पिशवीत कोंडली की तिच्यातले जिवाणू काम करीत राहतात आणि नत्राचा आकडा बदलतो. कापडी पिशवी चांगली, पण खताची रिकामी पिशवी कापून शिवलेली नको. असे नमुने आले की स्फुरद आणि पालाश इतके भरघोस निघतात की जमीन तुमची की पिशवीची, हे कळत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी करावयाची असेल तर लोखंडी फावडे न वापरता लाकडी किंवा प्लॅस्टिकचे साधन वापरावे. एक चिठ्ठी पिशवीत आणि एक पिशवीला बांधलेली, दोन्हींवर तोच मजकूर.

द्राक्ष बागायतदारांसाठी देठ परीक्षणाचे दोन शब्द. फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. पान तोडल्याबरोबर पाते काढून टाकावे. तसेच ठेवले तर देठातले अन्नद्रव्य पात्याकडे सरकते. देठ स्वच्छ पाण्यातून झटकन काढून सावलीत कोरडे करावेत आणि कागदी पिशवीत भरावेत. फवारणीनंतर लगेच घेतलेला नमुना पाठवू नये, नाहीतर आम्ही तुमच्या औषधाचेच परीक्षण करून देतो! तासगाव भागातून येणारे नमुने अलीकडे पुष्कळ सुधारले आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

पाण्याचा नमुना शक्य तर पोस्टाने पाठवूच नये. बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून, तोंडोतोंड भरून, एक-दोन दिवसांत जवळच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यावी. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत त्याची सोय आहे.

आणि कीटकनाशक. बनावट औषधाची शंका आली की काही जण उरलेली बाटली सरळ विद्यापीठाकडे पार्सल करतात. हे कदापि करू नये. विष पोस्टाला चालत नाही आणि आम्हालाही त्याचा उपयोग नाही. फोडलेल्या बाटलीच्या तपासणीला कायद्याने अर्थ उरत नाही. बिल आणि बाटली जपून ठेवून पंचायत समितीच्या किंवा तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्यावी. नमुना काढण्याचा अधिकार त्यांचा आहे.

देशाबाहेर आणि देशाबाहेरून

मुलगा-सून अमेरिकेत, लंडनला असतात. तिकडे अंगणात लावायला वाघ्या घेवड्याच्या चार शेंगा, हळदीचा एखादा गड्डा पाठवावा असे वाटते. पाठवू नये. बी, रोप, कंद यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि त्या देशाची परवानगी लागते. नुसत्या लाडवांच्या डब्यात दडवून पाठविले तर तिकडे पार्सल उघडून सगळे जाळतात, लाडवांसकट.

हा जाच वाटेल, पण त्यामागचा इतिहास द्राक्ष बागायतदारांनी ऐकण्यासारखा आहे. १८६० च्या सुमारास अमेरिकेतून युरोपात नेलेल्या द्राक्षवेलींबरोबर फिलॉक्झेरा नावाची मुळावरची कीड गेली आणि फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात १८७४ साली अनेक देशांनी एकत्र येऊन टपालाचा करार केला होता. त्याच बर्नमध्ये चार वर्षांनी, १८७८ साली, या किडीला आळा घालण्यासाठी वेलींच्या ने-आणीवर करार झाला. एका करारामुळे जगभर वस्तू जाऊ लागल्या आणि दुसऱ्यामुळे काय जाऊ नये ते ठरले. पुढे फ्रान्सच्या बागा वाचल्या त्या अमेरिकन खुंटावर कलम करून. आपण आज डॉगरिज खुंट वापरतो त्याचे कारण क्षार आणि पाण्याची टंचाई हे आहे, पण खुंटाची विद्या मोठ्या प्रमाणावर त्या संकटातूनच पुढे आली.

उलट दिशेनेही सावध असावे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिका, कॅनडा अशा देशांत लोकांच्या घरी न मागवलेली बियाण्याची पाकिटे टपालाने येऊ लागली. त्या ऑगस्टमध्ये आपल्या केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना आणि बियाणे उद्योगाला अशा पाकिटांबाबत सावध केले. कधी असे पाकीट आले तर उत्सुकतेने पेरू नये, उकिरड्यावरही टाकू नये. न फोडता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावे. आपल्या देशात बी-रोपांची आयात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणेच करता येते, मग ते चार दाणे असोत की चार पोती.

पत्ता आणि वार

पत्त्यात पिनकोड लिहावाच. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित होते. आपल्या भागात एक घोटाळा हमखास होतो. सांगली जिल्हा म्हटला की लोक ४१६ ने सुरू होणारा आकडा घालतात. पण विटा, शिराळा यांचे पिनकोड ४१५ ने सुरू होतात, सातारा, कराडसारखे. उत्तर यायला उशीर होतो त्याचे कारण कधी कधी हेच असते. विद्यापीठाचा, राहुरीचा, पिनकोड ४१३७२२. स्वतःचा पत्ता खोक्यावर, खोक्याच्या आत आणि पत्रात, असा तीन ठिकाणी लिहावा. मोबाईल क्रमांक लिहिला तर अधिक चांगले.

पूर्वी आपण महत्त्वाचे पाकीट रजिस्टर करीत होतो. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. पावतीवरचा क्रमांक जपून ठेवावा, वस्तू कोठे आहे ते त्यावरून समजते. गावच्या शाखा डाकघरात मोठे पार्सल घेतीलच असे नाही, म्हणून खोका बांधण्यापूर्वी चौकशी करावी. आणि खोका पूर्ण सील करून नेऊ नये. आत काय आहे असे विचारले तर दाखविता आले पाहिजे. माती, वाळलेली पाने, परीक्षणासाठी, असे वर लिहिले की सहसा कोणी अडवीत नाही.

नाशवंत नमुना सोमवारी किंवा मंगळवारी टाकावा. शुक्रवार-शनिवारी टाकलेला गड्डा रविवारभर कोठेतरी थैलीत बसून राहतो. सणाची सुट्टी लागून आली तर आणखी एक दिवस जातो. पावसाळ्यात हा एक दिवस फार असतो. माती, देठ, कीटक, तांबेऱ्याचे पान, जे वाळवून टिकते त्याचा निम्मा भाग तोच क्रमांक घालून घरी ठेवावा, म्हणजे पार्सल वाटेत हरवले किंवा आम्ही पुन्हा मागितले तर पिकाची ती अवस्था निघून गेलेली असली तरी नमुना हाताशी राहतो.